पूर्ण नाव सांगा



हिंगणघाटात खोली भाड्यानं पाहायला जा. भाडं किती, नळाला पाणी कधी, लाइटचं मीटर वेगळं का, या गोष्टी मागून. आधी प्रश्न येतो, "नाव काय तुमचं?" तुम्ही सांगता, सिद्धार्थ. एवढ्यानं भागत नाही. "पुरं नाव सांगा नं भाऊ." तुम्ही म्हणता, मेश्राम. आता मेश्राम गोंडातही आहेत आणि आपल्यातही आहेत. म्हणून तिसरा प्रश्न, "कोन्ते मेश्राम?" तुम्ही तेही सांगता. आणि तेवढ्यात मालकाच्या ध्यानात येतं की खोली तर कालच दिली.

या माणसाला तुमच्या नावाशी काहीएक देणंघेणं नव्हतं. त्याला तुमची जागा पाहिजे होती. तुम्हाला ओट्यावर बसवायचं की फाटकातून वळवायचं, कपबशी घरातली काढायची की कोनाड्यातली, एवढं त्याला ठरवायचं होतं. आपल्या देशात पूर्ण नाव विचारणं म्हणजे जन्माचा पत्ता विचारणं. आणि हेच लोक सभेत उभे राहून म्हणतात, नावात काय आहे, जातपात सोडा, आपण सगळे माणसं!

नावात काय आहे ते मनुस्मृतीला विचारा. दुसऱ्या अध्यायात नियम घालून दिलेला आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं नाव किळस वाटावी असं. आपण तर त्या चारांच्याही बाहेर. पोरगं जन्मलं, डोळे उघडले नाहीत, आणि त्याच्या नावावर कायदा बसलेला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या पुढाकारानं हा ग्रंथ जाळला गेला तेव्हा त्यात हा नियमही जळला. कागद जळला. जिभा शाबूत राहिल्या.

आज्यापणज्यांची नावं आठवा. कचरू, उकंड्या, धोंड्या, दगड्या, भिक्या. कुणी म्हणेल, पोर जगावं, नजर लागू नये म्हणून अशी नावं ठेवत. असेल. पण वाड्यातला दगडू 'दगडूशेठ' होतो आणि वेशीबाहेरचा दगडू 'दगड्या' राहतो. नाव एकच, दगडही तोच. शेपूट कोणती जोडायची हे गाव ठरवतं. एकेकाळी आपल्या पूर्वजांच्या नावाच्या शेवटी 'नाक' असायचं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरली आहेत, त्यात ही 'नाक'वाली नावं आजही वाचता येतात. हातात बंदूक होती तेव्हा नाव दगडात अख्खं कोरलं गेलं. हातात येसकराची काठी आली तेव्हा नावाची गरजच उरली नाही. "अरे म्हारा" एवढ्यात हाकही झाली, हुकूमही झाला.

आपल्या गावाचंच पाहा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' या नावानं विकला जाई. गाठीला नाव होतं. वेचणाऱ्या बाईला नव्हतं. याच गावात १८२३ साली विल्यम लॅम्बटन मेला, साऱ्या हिंदुस्थानची मोजणी करायला निघालेला इंग्रज. त्याची कबर इथंच आहे. त्याच्यामागं काम हाती घेतलं जॉर्ज एव्हरेस्टनं. पुढं हिमालयातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं याचा हिशेब राधानाथ सिकदर या बंगाली माणसानं केला, आणि १८६५ साली शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं. त्या मोजणीचं अर्ध्या टनाचं यंत्र डोंगरावर चढवणारे, जंगलात तापानं मरणारे खलाशी कोण होते? मोजणी त्यांच्या खांद्यावर झाली आणि नकाशात त्यांचा ठिपका नाही. नाव देण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्याचंच नाव उरतं.

आता एका दुसऱ्या पुस्तकाकडं वळू. ते आपलं नाही. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातले, आम्हाला त्यातला देव नको. पण जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्यांना अर्पण केली होती. दुसऱ्या मुलखातल्या गुलामाची गोष्ट आपली म्हणून वाचायची रीत त्यांनी घालून दिली. तशी ही गोष्ट वाचायची.

ज्यू लोकांच्या धर्मग्रंथातलं दुसरं पुस्तक. मराठी बायबलात त्याला 'निर्गम' म्हणतात. हिब्रूत त्याचं नाव आहे 'शेमोत', म्हणजे 'नावं'. मिसर देशात हिब्रू लोक गुलाम आहेत. विटा थापतात, मार खातात. मिसरचा राजा हुकूम सोडतो की त्यांचे मुलगे जन्मताच मारून टाका. हुकूम दिला जातो दोन सुइणींना. त्या ऐकत नाहीत, पोरं जगवतात. आता गंमत पाहा. या पुस्तकात त्या दोन सुइणींची नावं आहेत, शिफ्रा आणि पुवा. राजाचं नाव नाही! तो नुसता 'फारो', म्हणजे पदवी. एवढा मोठा सम्राट, त्याचं नाव लिहायची गरज गुलामांना वाटली नाही. आपल्याकडं उलट. बखरींत राजांच्या नावांची रांग, आणि ज्या बायांनी गावाची बाळंतपणं केली त्या 'मांगीण' एवढ्याच.

त्याच पुस्तकात मोशे नावाचा माणूस जळत्या झुडपातून आवाज ऐकतो. जा, माझ्या लोकांना सोडव. मोशे विचारतो, तुझं नाव काय? लोक विचारतील, मी काय सांगू? प्रश्न तोच, खोलीच्या मालकाचा. फरक एवढाच की इथं गुलाम देवाला विचारतोय. उत्तर येतं, "एह्ये अशेर एह्ये." मराठी बायबलात त्याचं झालं 'मी आहे तो आहे'. पण हिब्रू क्रियापदाची ती चाल पुरी न झालेल्या क्रियेची आहे. 'मी असेन तो असेन' असाही त्याचा अर्थ होतो. दोनच वचनं आधी तोच शब्द येतो, 'एह्ये', आणि तिथं सगळे 'मी तुझ्याबरोबर असेन' असा भविष्यकाळच लावतात.

म्हणजे झालं काय? त्यानं बापाचं नाव सांगितलं नाही. गाव सांगितलं नाही. आडनाव नाही, गोत्र नाही. नाव म्हणून एक क्रियापद पुढं केलं, आणि तेही अजून चालू असलेलं. मला नावात कोंडू नका, मी काय आहे ते मी काय करीन त्यावरून कळेल. हे कुणाला सांगितलं? पंडितांच्या सभेला नाही. ज्यांना जन्मावरून ओळखलं जात होतं त्या वीट थापणाऱ्यांना सांगितलं.

पुढं त्या देवाचं मुख्य नाव झालं चार अक्षरांचं, योद, हे, वाव, हे. तेही 'असणे-होणे' याच धातूचं मानतात. ज्यू ते उच्चारत नाहीत. वाचताना त्या जागी 'अदोनाय' म्हणतात, म्हणजे प्रभू. एरवी बोलताना 'हाशेम', म्हणजे नुसतं 'ते नाव'. त्या चार अक्षरांवर 'अदोनाय'चे स्वर खुणेसाठी लिहिलेले असत. युरोपातल्या वाचणाऱ्यांनी दोन्ही एकत्र वाचलं आणि 'यहोवा' तयार झालं. दुसऱ्यानं घाईनं वाचलं की आपलं नाव कसं बिघडतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. जो सगळ्यात मोठा, त्याचं नाव तोंडात धरायचं नाही. आणि जो सगळ्यात खाली, त्याचं नाव कुणीही, केव्हाही, कसंही घ्यावं. नावाभोवती कुंपण घालायचा हक्क हासुद्धा मान आहे.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत मोठी वाटते. त्या ग्रंथात देवाला स्वतःहून नाव देणारं माणूस कोण? राजा नाही, पुरोहित नाही. हागार. मिसरची दासी. सारायची मोलकरीण. मालकिणीला पोर होत नाही म्हणून तिला मालकाच्या बिछान्यात ढकललं, दिवस गेले तशी मालकिणीनं छळली. ती रानात पळून गेली. अब्राम आणि साराय, दोघंही तिचं नाव घेत नाहीत. 'माझी दासी', 'तुझी दासी' एवढंच. रानात झऱ्याकाठी देवदूत तिला पहिल्यांदा नावानं हाक मारतो. विचारतो, कुठून आलीस, कुठं चाललीस? आणि ती बाई त्या देवाला नाव देते, 'एल रोई', मला पाहणारा देव. जिला कुणी पाहत नव्हतं तिनं पाहणाऱ्याचं नाव ठेवलं. हेही सांगितलं पाहिजे की तोच दूत तिला परत मालकिणीकडं जायला सांगतो. पुस्तक मालकांच्या हातूनही गेलेलं आहे, ते तिथं दिसतं. पण तिनं दिलेलं नाव त्यांना पुसता आलं नाही.

आता कुणी आपल्यातलाच उठून म्हणेल, बुद्धाच्या माणसाला हे देवाचं पुराण कशाला? तर मिलिंद राजाची गोष्ट घ्या. राजा नागसेनाला नाव विचारतो. भिक्खू म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव आहे, आत शोधाल तर नागसेन नावाची वस्तू सापडायची नाही. राजा गोंधळतो. तेव्हा नागसेन त्याच्या रथाकडं बोट दाखवतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सगळं जुळून चालतं, त्याला रथ म्हणायचं. बाबासाहेबांनी औरंगाबादेत १९५० साली कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं मिलिंद, आणि तो परिसर नागसेनवन. ती नावं उगीच नाहीत. माणसाच्या आत जन्मजात, न बदलणारं असं काही बसलेलं नाही, ना महारपण ना ब्राह्मणपण. माणूस जन्मानं हीन होत नाही, कर्मानं होतो, हे बुद्धानं वसल सुत्तात सांगितलं. हिब्रू देव म्हणतो, मी असेन तो असेन. नागसेन म्हणतो, असा कुणी आत बसलेला नाहीच. वाटा दोन आहेत, पण दोघंही जन्माच्या दाखल्यावर सही करायला तयार नाहीत.

मग शहाणा म्हणतो, फसलात! नाव नुसतं नाव असेल तर विद्यापीठाच्या नावासाठी एवढं रक्त कशाला सांडलं?

याचं उत्तर दिलंच पाहिजे. नागसेनाला नाव विचारणारा राजा त्याला आदरानं विचारत होता. नाव ऐकून कुणी त्याची झोपडी जाळणार नव्हतं. ज्याला नावापायी मार बसत नाही तो खुशाल म्हणू शकतो की नाव म्हणजे काही नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी, तेही 'मराठवाडा' हा शब्द ठेवून, नामविस्तार म्हणून. ज्यांना नावात काही नाही असं वाटत होतं, त्यांनीच त्या नावासाठी घरं जाळली. म्हणजे नावात काय आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आपल्या माणसाचं नाव पदवीच्या कागदावर आलं तर त्यांच्या पोराला ते जन्मभर भिंतीवर टांगावं लागणार होतं!

आपल्याला नावं ठेवणारे नेहमी बाहेरचेच. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तिथल्या शेगावात राहायला आले, १९४० साली गावाचं नाव बदलून सेवाग्राम झालं. त्याआधी १९३३ पासून त्यांचं 'हरिजन' साप्ताहिक सुरू होतं. गावाचं नाव बदलावं तसं आपलंही बदललं. विचारलं कुणी? १९३८ साली मुंबई विधानसभेत कायद्यात 'हरिजन' शब्द घालायला निघाले तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार बाबासाहेबांसह सभात्याग करून बाहेर पडले. पुढं १९८२ साली सरकारलाच सांगावं लागलं की हा शब्द वापरू नका. १९७२ साली पँथरनं 'दलित' शब्द छातीवर लावला. तो आपला होता, त्यात तक्रार होती, त्यात क्रिया होती, कुणीतरी दळलं आहे हे तो शब्द सांगत होता. २०१८ साली केंद्र सरकारनं कळवलं, तो टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. अनुसूचित म्हणजे काय? यादीतला. दळणारा गेला, दळलेला गेला, यादी तेवढी उरली.

कागदाचाही हिशेब घ्या. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ आणि चांद्याला १६ ऑक्टोबर. त्या दोन दीक्षांच्या मधल्या पट्ट्यात आपलं गाव. लाखो लोक एका दिवसात जुन्या नावातून बाहेर आले. पण केंद्राच्या यादीत बौद्ध झालेल्याला जागा मिळाली १९९० साली. चौतीस वर्षं दिल्लीचा कागद म्हणत राहिला, हिंदू महार म्हण, मग हक्क देतो. आजही दाखल्यावर जुनी जात लिहावी लागते. यात शरम धरू नका. दाखल्यावरचं 'महार' हे तुमचं नाव समजू नका, ती थकबाकीची पावती आहे. येणं वसूल होईपर्यंत पावती जपून ठेवायची असते. पण पावती कपाळावर डकवून कुणी फिरत नाही.

बाबासाहेबांचं नाव पाहा. १९०० साली साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा' लिहिलं आहे. भिवाचे भीमराव झाले, भीमरावांचे बाबासाहेब झाले. आडनाव गावावरून आलेलं. या तिन्ही नावांत एकच माणूस होता का? जन्मदाखला म्हणेल हो. मी म्हणतो, तो दर वेळी जे करत गेला तसा होत गेला. महाड केलं, संविधान लिहिलं, दीक्षा घेतली. असेन तो असेन म्हणायची गरज पडली नाही, करून दाखवलं.

आता थोडं कडू. हिब्रूची गोष्ट मराठीपासून लांब नाही. कोकणात शेकडो वर्षं ज्यू राहिले, बेने इस्रायल. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं 'शनिवार तेली'. आपल्याकडं कुणीही आलं तरी गाव आधी त्याला जात देतं. त्यांनी सॅम्युएलचं सामाजी केलं, मोझेसचं मुसाजी, आणि आडनावं घेतली गावांची, रोहेकर, पेणकर, केहीमकर. आंबेडकर हे आडनाव त्याच चालीचं. ते इस्रायलला गेले तेव्हा काय झालं? १९६२ च्या सुमारास तिथल्या धर्मगुरूंनी फर्मान काढलं, यांच्याशी लग्न लावण्याआधी यांच्या पिढ्या तपासा. म्हणजे पूर्ण नाव सांगा! मराठी ज्यू जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले, आणि १९६४ साली संसदेला ठराव करावा लागला की हे सर्वार्थानं ज्यू आहेत. ज्यांच्या देवानं पिढी न सांगता क्रियापद सांगितलं, त्याच देवाचे गुरू पिढ्या मोजत बसले. आणि खुद्द बेने इस्रायलमध्ये 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होतेच. गुलामीतून निघालेलं नावही भिंत बनतं, बनायला वेळ लागत नाही.

म्हणून दुसऱ्याला हसू नका. आपल्या वस्तीत सोयरीक जुळते तेव्हा काय चालतं? पोरगं बौद्ध, पोरगी बौद्ध, दोन्ही घरांत बाबासाहेबांचा फोटो. आणि ओट्यावर बसलेली म्हातारी विचारते, "बावणे व्हय का लाडवन?" कुणी कोसरे निघाला की तोंडं वाकडी. मातंगाच्या पोरीचं नाव निघालं तर सभेतला क्रांतिकारक उठून पाणी प्यायला जातो. खोलीच्या मालकाचाच प्रश्न, फक्त आवाज घरचा. २०२० साली महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं, महारवाड्याचं भीमनगर, समतानगर करायचं. चांगलं झालं. पण भीमनगरात बावणे-लाडवनाच्या गल्ल्या जिवंत असतील तर पाटी बदलली, गाव तेच राहिलं.

काही पोरं आडनाव लपवतात, नुसतं 'सिद्धार्थ कुमार' लिहितात. त्यांना मी दोष देत नाही. पोट सांभाळायचं असतं. पण लपवल्यानं विचारणारा थांबत नाही, तो दुसरीकडून वास काढतो. नाव लपवायचं नाही आणि नावाची पूजाही करायची नाही. कुणी विचारलं कोण तुम्ही, तर आपण केलेली कामं सांगायची, आणि पुढं करायची आहेत ती सांगायची. जन्म विचारणाऱ्याला उलट विचारायचं, तुम्हाला खोली द्यायची आहे की वंशावळ लिहायची आहे?

आणि एक काम घरचं. या लग्नसराईत हिंगणघाटातल्या एका तरी घरानं पोटजात न विचारता सोयरीक करावी, आणि दुसऱ्या एका घरानं मातंगाच्या घरी चहा न पिता जेवण करून यावं. विद्यापीठाचं नामांतर व्हायला साडेपंधरा वर्षं लागली. हे नामांतर एका संध्याकाळी होऊ शकतं.